अर्धी सुई

१३ जुलै, रविवार

ही वही यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी साखर लिहायला सांगितली म्हणून आणली. सकाळची उपाशीपोटी किती, संध्याकाळची जेवणाआधी किती, सुई किती युनिट. पुढच्या बाजूने रकाने आखलेत आणि बारा दिवस इमानदारीने भरलेतही. पण माझ्या पोटात जे दुखतंय ते रकान्यात मावत नाही, म्हणून आज वही उलटी करून मागून लिहायला घेतली. अक्षर मोठं काढतेय. बारीक काढलं तर मलाच वाचता येणार नाही.

डोळ्यांना धूसर दिसतंय. आठवडा झाला. चष्मा जूनच्या शिबिरातला, म्हणजे नवाकोराच, आणि तो लावून पुस्तक उघडलं की ओळी भिजल्यासारख्या पसरतात. चौदाव्या वर्षी साखर निघाली, तेव्हापासून बारा वर्षं रोज दोन सुया. चार वर्षांपासून थायरॉइडची गोळी. ते सगळं मी सांभाळलं. डोळ्यांची तक्रार कधी नव्हती.

परीक्षा अठ्ठावीस सप्टेंबरला आहे. लिपिकाची भरती, शंभर प्रश्न, दीड तास. मागच्या खेपेला दोन गुणांनी राहिले. बाबा एस.टी.तून रिटायर झालेत, त्यांच्या पेन्शनीवर किती दिवस बसायचं? या खेपेला लागलंच पाहिजे. आणि या खेपेलाच नेमकी वहिनी आली.

दीपावहिनी. मे महिन्यात संघर्षदादाशी लग्न होऊन कळंबहून बाभुळगावात आली. दादा पांढरकवड्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. बाकीचे दिवस वहिनी आमच्या घरी आणि माझ्या टेबलावर. तिनेही तोच फॉर्म भरलाय. पहाटे पाचला उठते, चष्मा नाही, मोबाइलवरचं मुंगीएवढं अक्षर सहज वाचते. तीन महिने अभ्यास केला म्हणे, आणि मी चार वर्षं. कानामागून आली आणि तिखट झाली.

आजची साखर १५८. जूनमध्ये तीनशेऐंशी होती. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला म्हणून उतरली. साखर उतरली आणि डोळे बिघडले, वा रे औषध.

१६ जुलै, बुधवार

लाज गेली. लिहून टाकते म्हणजे मोकळी होईन.

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालंय. रोज संध्याकाळी सहा ते सात, तीन महिने. सात वर्षांपासून वाचते मी. कॉलेजात होते तेव्हा समितीच्या डोमाजी काकांनी पहिल्यांदा चौरंगापुढे बसवलं, तेव्हापासून ती जागा माझी. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, स्पीकर लागत नाही. बायका म्हणतात, साधना वाचते तं डोळ्यापुढं उभं राह्यते.

आज चष्मा लावला तर काही दिसेना, काढला तर तेच. पण सात वर्षांत अर्धा ग्रंथ पाठ झालाय. रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण तर झोपेतही म्हणेन. मग मी मान खाली घातली, बोट ओळीवर ठेवलं आणि तोंडपाठ सुरू केलं. छान चाललं होतं. दोन पानांचा मजकूर झाला आणि तिसऱ्यात शिरले, तेव्हा पहिल्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "पोरी, पान तं पलटव."

मी पान उलटायचंच विसरले होते. त्या रांगेतल्या म्हाताऱ्या निरक्षर आहेत, पण कुठल्या शब्दाशी पान उलटतं ते त्यांना वर्षानुवर्षं बघून पाठ आहे. मी घाईने पान उलटलं तर दोन उलटली. तेवढ्यात मागून वहिनी उठून शेजारी येऊन बसली, एक पान परत फिरवलं आणि बोट ठेवलं. कुणी मागितलं होतं बोट?

२० जुलै, रविवार

गुरुवारी डोमाजी काका घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, साधनाची परीक्षा आहे, डोळ्यालाही आराम पाहिजे, यंदा दीपा वाचेल. बाबा लगेच हो म्हणाले. आईने तर वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला. आईचं नाव कौसल्या, सून आल्यापासून वागणंही तसंच.

मी म्हणाले, बरंच झालं, मला अभ्यासाला तास मिळेल. आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

आज गेले ऐकायला. ती सपाट वाचते. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, काही नाही. तरी बायका माना डोलवत होत्या. नव्या सुनेचं वाचन म्हणजे काय, नव्याचे नऊ दिवस. आज तिचा चौथा आहे, मोजतेय.

२९ जुलै, मंगळवार

नऊ दिवस उलटले, तिचं कौतुक काही उतरत नाही.

अभ्यास होत नाही. एक पान वाचायला पाव तास, मग कपाळ ठणकतं. आईने डोळ्यात गुलाबपाणी घालायला आणलं. बाबा म्हणतात गाजर खा, जुलैमध्ये गाजर कुठून आणू? डॉक्टरकडे जाऊ म्हणतात तर मीच टाळते. डोळ्याचं निघालं तर म्हणतील परीक्षा सोड.

वहिनीने आता नवीन काढलंय. चालू घडामोडी मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि मला पाठवते. पहाटे पाचला उठून हेच करते, भिंतीपलीकडून ऐकू येतं. म्हणे, "ताई, कानानं आयका, डोये मिटून." स्वतःचा अभ्यास करते आणि वर उपकाराचा शिक्का. चौदा रेकॉर्डिंग आल्या. एक ऐकली, त्यात एका धरणाचा जिल्हा चुकीचा सांगितला होता. बाकीच्या पुसून टाकल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

घोळ झाला. दवाखान्यातून इन्सुलिनची शिशी मिळायचा दिवस शुक्रवार होता, मी विसरले. वहिनीला सराव पेपरमध्ये चौसष्ट पडले नि मला एकेचाळीस, त्या रागात शुक्रवार लक्षातच राहिला नाही. आता पुढचा शुक्रवार. शिशीत थोडंच आहे. घरी सांगितलं तर बोलणी बसतील, त्यापेक्षा सकाळी सव्वीसऐवजी तेरा आणि संध्याकाळी अठराऐवजी नऊ घेतेय. पुरवायचं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सापडलं!

काल सकाळी पुस्तक उघडलं आणि अक्षरं जागेवर उभी. मला वाटलं भास. आज परत पाहिलं, आजही उभी. चष्म्यातून अगदी तळटिपासुद्धा. आठ दिवस अर्धी सुई घेतली, दुसरं काहीही बदललं नाही. ना गुलाबपाणी घातलं ना गाजर खाल्लं. म्हणजे डोळे या वाढवलेल्या इन्सुलिननेच बिघडत होते. जुलैत डोस वाढला, जुलैतच धूसर झालं. हिशोब लागला की नाही?

नवी शिशी आणलीय, पण अर्धीच घेणार. परीक्षेपर्यंत फक्त. दीड महिन्याने काय होतंय? साखर तीनशेच्या वर जातेय, ती पुढच्या रकान्यात मी एकशेसाठ-सत्तर अशी लिहितेय. डॉक्टरीणबाई काही घरी येऊन मोजणार नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

आज वाचलं. डोमाजी काकांना स्वतः जाऊन सांगितलं की डोळे बरे झाले, चाचणी घ्या. त्यांनी वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचायला लावल्या, मी सगळ्या वाचल्या. वहिनीने उठून जागा दिली. हसली पण. मला ते हसू खोटं वाटलं. तिच्या जागी मी असते तर खोटंच हसले असते.

घसा सारखा कोरडा पडत होता, मधे दोनदा पाणी प्याले. वहिनीने तांब्या भरून शेजारी ठेवला होता. वाचन संपलं तेव्हा तो रिकामा होता. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आता खरं वर्षावास सुरू झालं व माय. मी मुद्दाम वहिनीकडे पाहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सराव पेपर: मला एकाहत्तर, वहिनीला अडुसष्ट. लिहिते परत: मला एकाहत्तर.

ड्रेस कमरेत सैल झालेत. लग्नातला निळा ड्रेस, जो अंगात जाईना, आज आरामात आला. आई म्हणाली वाळून चालली. मी म्हणाले अभ्यासाने. बरी दिसतेय की! वहिनीच्या गालावर मात्र मांस चढलंय. देव नाही म्हणतात, पण न्याय आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

संताप आलाय. फ्रिजच्या दारात, दह्याच्या डब्यामागे माझी शिशी असते. संध्याकाळी सुई घ्यायला गेले तर वहिनी ती हातात घेऊन उजेडाला धरून पाहत होती.

म्हणाली, "ताई, ही शिशी नऊ दिवसात संपते. आज चौदावा दिवस हाये. आन् अजून उरली."

म्हणजे ही दिवस मोजते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंबं दिसली होती, मला वाटलं तिच्या पाळीची असतील. ती माझ्या शिशीची होती!

मी म्हणाले, "माह्या शिशीवर कायले डोळा ठेवता? टेबल घेतलं, ग्रंथ घेतला होता, आता मी सुई किती घ्यायची ते पण तुमीच ठरवसान का?"

तिने शिशी दह्याच्या डब्यामागे ठेवली. मग म्हणाली, मी आईला सांगेन. मी म्हणाले, सांगा, मी दादाला सांगेन की तुम्ही माझा अभ्यास मोडायला बघता. तिचं तोंड पडलं. सांगितलं नाही तिने. नव्या सुनेला नणंदेची भीती असते ती उगीच नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. अर्धा तास वाटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

रात्री चारदा उठावं लागलं. दिवसा पाय दुखतात. सव्वीस दिवस राहिले. साखर मोजत नाही, पट्ट्या वाया कशाला?

५ सप्टेंबर, शुक्रवार

सुंठीवाचून खोकला गेला. वहिनी दोन दिवसांसाठी कळंबला माहेरी गेलीय, तिच्या आईला ताप आहे. जाताना चार वेळा म्हणाली, पूर्ण घ्या. टेबल सगळं माझं. पण बसवत नाही, गळून गेल्यासारखं होतं. लक्ष लागत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

भाद्रपद पौर्णिमा. विहारात खीर होती. दोन वाट्या प्याले, गोडाने तरी ताकद येईल म्हणून. आता ग्रंथाला जायचंय. पोट दुखतंय. श्वास भरून येतोय. वहिनी दुपारी परत आली, माझं तोंड हुंगलं आणि म्हणाली तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास येतोय. बोलायची काही पद्धत

१४ सप्टेंबर, रविवार

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून लिहितेय. वही वहिनीने आणून दिली.

त्या दिवशी विहारात वाचता वाचता मला उलटी झाली. चौरंगावर नाही, बाजूला झाली, तेवढं नशीब. नंतरचं मला तुकड्या-तुकड्याने आठवतं. डोमाजी काकांच्या पुतण्याची गाडी, आईचं रडणं, माझा श्वास धापा टाकल्यासारखा. साखर सहाशेच्या वर, रक्तात आम्ल झालं होतं. तीन दिवस सलाईनमधून इन्सुलिन दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक दिवस उशीर झाला असता तर मी बोलत बसले नसते.

डॉक्टरांनी विचारलं, सुई रोज घेत होती का? आई-बाबा म्हणाले, हो, बारा वर्षं नेमाने. वहिनी म्हणाली, नाही, चार ऑगस्टपासून अर्धी. कॅलेंडरवरच्या टिंबांवरून तारखेसकट सांगितलं. त्याच्यावरून त्यांनी उपचार ठरवला. चुगली ती चुगलीच, पण ती केली नसती तर काय, हे मला बाबांनी दोनदा ऐकवलं.

सगळ्यांसमोर तिने मला खोटं पाडलं आणि मी पडून होते, नळ्या लावलेल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. मी ती उशीखाली सरकवली. तुमची साखर त्यात नाही, दुसऱ्यांची निंदा आहे, असं कसं सांगणार? मग म्हणाले की आकडे खोटे आहेत. त्या रागावतील वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि चष्मा कधी केला ते विचारलं.

जूनच्या शिबिरात.

तेव्हा साखर किती होती?

तीनशेऐंशी.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साखर फार वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. माझा चष्मा त्या फुगलेल्या भिंगाचा होता. जुलैत साखर उतरली, भिंग पूर्ववत व्हायला लागलं, म्हणून तोच चष्मा चुकीचा ठरला. अर्धी सुई घेऊन साखर परत वर नेली, तेव्हा डोळा चष्म्याच्या मापाचा झाला. डोळे चांगले झालेच नव्हते. मी चष्म्यासाठी डोळा बिघडवत होते.

त्यांनी विचारलं, शिबिरात साखरेचं सांगितलं नाही का? तिथे विचारतात.

विचारलं होतं. टेबलावरच्या मुलाने मोठ्याने विचारलं होतं, शुगर आहे का? असेल तर लाल चिठ्ठी, वेगळी रांग. माझ्या मागे वहिनीचं अख्खं कळंबचं माहेर उभं होतं, आई, मावशी, दोन चुलत बहिणी. लग्नाला महिना पण झाला नव्हता. त्यांच्यासमोर लाल चिठ्ठी घेऊन वेगळ्या रांगेत मी? मी म्हणाले, नाही.

पडद्याची तपासणी झाली, सुदैवाने अजून ठीक आहे. साखर स्थिर झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी नवा नंबर काढायचा, त्याआधी नाही. तोपर्यंत धूसर दिसणार. परीक्षेला बारा दिवस आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, तयार चष्मा मिळतो जवळचं वाचायचा, तो लावून बघ, थोडं निभेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घरी आले. पूर्ण सुई, साखर १४६, आणि पुस्तक म्हणजे पांढऱ्यावर करडं.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते. मला सगळं समजलंय आणि तरी संध्याकाळी माझ्या मनात आलं, नऊ दिवस, फक्त नऊ दिवस अर्धी घेतली तर अक्षरं येतील. एकदा मरता मरता वाचले म्हणजे रोज तसंच होईल असं थोडंच आहे? सिरिंज घेतली. पण तिच्यावरच्या रेघाच दिसेनात. नऊ कुठे, अठरा कुठे, काही कळेना.

वहिनीला हाक मारली. नऊ भरा म्हणाले.

तिने सिरिंज घेतली नाही. म्हणाली, "नऊ घ्याचे असन तं सोताच्या हातानं भरा. मी नाही भरत." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला.

मी बसून राहिले. शिशी एका हातात, सिरिंज दुसऱ्या हातात. बसल्या बसल्या वाटलं, मी मेले तर हिला टेबल मिळेल, ग्रंथ मिळेल, बाबांचं कौतुक मिळेल, माझ्या नोट्स मिळतील. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं तशातली गत. सगळं फुकटात. छे! इतकं सोपं करून द्यायचं नाही कुणाला.

परत हाक मारली. अठरा भरा म्हणाले. तिने मुकाट्याने भरले, सिरिंज उजेडात धरली, टिचकी मारून बुडबुडा काढला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वहिनी वाचते, मी ऐकते. सकाळी पाच ते आठ, दुपारी दोन ते पाच. ग्रंथ आजकाल डोमाजी काका स्वतः वाचतात, अडखळत. वहिनीने वेळ नाही म्हणून सांगितलं.

ती जे वाचते ते तिचं सगळं झालेलं आहे. माझा कच्चा भाग गणित आणि पंचायत राज, तिचा इंग्रजी. इंग्रजीचं पुस्तक चार दिवसांत उघडलेलं नाही तिने. मी म्हणाले, तुमची उजळणी होतेच आहे की आपोआप. हो म्हणाली.

ऐकताना चांगलं लक्षात राहतं, हे मान्य करावं लागेल. आवाज सपाट असला की मजकूर तेवढाच राहतो. पण तिच्या तोंडून प्रश्न निघाला की त्याआधीच तिला उत्तर माहीत असतं, हे मला कळतं आणि जीव जळतो.

२८ सप्टेंबर, रविवार

झाली परीक्षा. यवतमाळला माझं सेंटर वेगळ्या शाळेत आणि वहिनीचं वेगळ्या. बरं झालं. ती समोरच्या बाकावर पाठमोरी दिसली असती तर माझं लक्ष तिच्या पेनावरच राहिलं असतं.

तयार चष्मा लावून प्रश्न वाचता येत होते, हळू. उत्तरपत्रिकेवरचे गोल एकमेकांत मिसळत होते, म्हणून प्रत्येक वेळी डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून मग पेन. जे वाचले ते बरोबर आले, जवळजवळ सगळे. पण घंटा झाली तेव्हा सव्वीस प्रश्न वाचायचेच राहिले होते. शेवटच्या पानावर पंचायत राज होतं. वहिनीने दोन दिवस तेच वाचून दाखवलं होतं.

साखर सकाळी १३९. साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात गूळ होता, लागला नाही.

एस.टी.त वहिनीने विचारलं, कसा गेला? मी म्हणाले, बरा. तिला विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. पुढच्या रकान्यातले आकडे मात्र खरे भरलेत. नवा नंबर निघाला. शिबिराच्या निम्मासुद्धा नाही. चष्मा लावला तर समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर दिसला. बाबा पैसे देत होते आणि मी तो नंबर मोठ्याने वाचत होते, वेड्यासारखी.

११ डिसेंबर, गुरुवार

यादी लागली.

सकाळी वहिनीने मोबाइल माझ्याच हातात दिला. म्हणाली, तुम्हीच पाहा, माझ्याने होत नाही. बारीक टाइपातली एकोणीस पानं. मी एक एक ओळ वाचत गेले, ना डोळे चोळले, ना मान पुढे काढली. तिसऱ्या पानावर, एकशे सात नंबरला, तिचं नाव. नंतरची सोळा पानं मी पूर्ण वाचली, एकही ओळ न गाळता. माझं नाव कुठेच नव्हतं. माझे गुण अडुसष्ट, शेवटच्या उमेदवाराचे सत्त्याहत्तर. वाचायच्या राहिलेल्या सव्वीसातले दहा मिळाले असते तर.

चार महिन्यांपूर्वी मी असं स्पष्ट दिसावं म्हणून मरायला निघाले होते. आज दिसलं.

मग आई पेढे आणायला धावली. बाबांनी दादाला फोन लावला. डोमाजी काका आले, शेजारच्या बायका आल्या, विहारात सत्कार करायचं ठरलं. मी सगळ्यांना चहा केला. चेहरा नीट ठेवायचा प्रयत्न केला, पण गाल दुखायला लागले. संध्याकाळी मागच्या अंगणात धुणं काढायला गेले तर वहिनी मागून आली. म्हणाली, ताई, तुम्ही काही बोलल्या नाहीत.

मी म्हणाले, "काय बोलू? मी तुमच्यावर जळते वहिनी. तुम्ही आल्या त्या दिवसापासून. आज तं सगळ्यात जास्त." वाळलेला टॉवेल मी तिसऱ्यांदा घडी करत होते.

तिने दोरीवरचे चिमटे काढले. एक-दोन-तीन काढले आणि मग बोलली.

"मी बी जळते ना तुमच्यावर. या घरात सात वाजले का सगळे तुमालेच इचारते, सुई घेतली का, जेवल्या का, चक्कर तं नाही येत. ह्यायचा फोन आला तरी पह्यले तुमचंच. सात महिने झाले मले या घरात येऊन. तू जेवली का, असं मले एकानं बी इचारलं नाही."

एवढं बोलून चिमट्यांचा डबा घेऊन ती आत गेली.

दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला मात्र बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. आयुष्यात माझ्यावर कुणी जळलं असं हे पहिल्यांदाच, आणि जळणारी कोण, तर जिचं नाव यादीत आहे ती. पंधरा मिनिटं मी त्या गार फरशीवर धुण्याचा ढीग मांडीवर घेऊन त्याच सुखात बसले होते.

मग सकाळपासूनचं आठवायला लागलं. पेढे वाटले तिने, फोन घेतले तिने, पाया पडली सगळ्यांच्या, मधेच माझी सुई भरून ठेवली. दुपारी ताटं झाली तेव्हा ती दारात लोकांशी बोलत होती. तिचं ताट पडलंच नव्हतं. आणि हे आत्तासुद्धा घरात कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मी उठले. आत जाऊन भाकर काढली, वांग्याची भाजी वाढली, बाजूला कांदा फोडून ठेवला. तेवढं केलं, पण 'जेवली का' हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. ताट घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ती टेबलाशी बसून कागदपत्रं लावत होती, मान वर केली नाही.

"वहिनी," मी म्हणाले, "भाजी गार होऊन राह्यली."